घर सोडण्याची वेळ



पक्षात येण्याचा दिवस प्रत्येक कार्यकर्त्याच्या स्मरणात असतो. कोणी दुष्काळातल्या मोर्चात आला, कोणी गिरणी संपात, कोणी आणीबाणीच्या तुरुंगात. जाण्याच्या दिवसाबद्दल मात्र अभ्यासवर्गात कधी बोलले जात नाही. जो जातो त्याला मागे राहिलेले गद्दार ठरवतात, आणि तो स्वतःला बंडखोर म्हणवून घेतो. या दोन शब्दांच्या गदारोळात मूळ प्रश्न हरवतो. ज्या घरात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली ते घर आता आपले राहिले नाही, हे ओळखायचे कसे?

समाजवादी चळवळीने या प्रश्नाचे उत्तर एकदा स्वतःच्या अंगावर घेतलेले आहे. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या परिषदेत समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. हा निर्णय एका परिषदेचा असला, तरी त्याची पूर्वपीठिका चौदा वर्षांची होती. नाशिकच्याच तुरुंगातील चर्चांमधून ज्याची कल्पना निघाली, तो काँग्रेस समाजवादी पक्ष १९३४ मध्ये स्थापन झाला. तुरुंगात जुळलेले हे नाते त्याच शहरात तुटावे, हा योगायोगच म्हणायचा.

या चौदा वर्षांत घर सोडण्याचे प्रसंग कमी आले नव्हते. १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे स्वीकारायची की नाही यावर तीव्र मतभेद झाले. १९३९ मध्ये त्रिपुरीला सुभाषबाबूंचा प्रश्न उभा राहिला. पंतांच्या ठरावावर समाजवादी तटस्थ राहिले, म्हणून डाव्यांकडून त्यांना पुष्कळ बोल खावे लागले. सुभाषबाबूंनी फॉरवर्ड ब्लॉक काढला आणि त्यांचा मार्ग वेगळा झाला. समाजवादी मात्र आतच राहिले. त्या वेळी ते भ्याडपणाचे वाटले असेल. परंतु तीनच वर्षांनी बेचाळीस उजाडले. नेते गजाआड गेल्यावर भूमिगत चळवळ ज्यांनी चालवली त्यांत जयप्रकाश, लोहिया, अच्युतराव, अरुणा असफअली हे अग्रभागी होते. खेड्यापाड्यांतील माणसाने त्यांना भाकरी दिली, आसरा दिला, तो ते काँग्रेसचे होते म्हणून. १९३९ मध्ये बाहेर पडले असते तर बेचाळीसमध्ये ती दारे तितक्या सहजपणे उघडली असती काय? नसती, असेच म्हणावे लागेल.

म्हणजे मतभेद हे घर सोडण्याचे कारण नव्हे. पराभव हेही नव्हे. अल्पमतात असणे तर मुळीच नव्हे. समाजवादी काँग्रेसमध्ये सदैव अल्पमतातच होते. १९४८ मध्ये बदलले ते दुसरेच काही. फेब्रुवारीत अखिल भारतीय काँग्रेस समितीने नव्या घटनेत असे कलम घातले की, ज्या संघटनेला स्वतंत्र घटना व स्वतंत्र सदस्यत्व आहे, तिच्या सदस्याला काँग्रेसचे सदस्य राहता येणार नाही. तोवर भांडण मुद्द्याचे होते. आता ते उभे राहण्याच्या जागेचे झाले. आत राहायचे तर संघटना मोडून राहायचे, एकेकट्याने, गप्प बसण्याच्या अटीवर. गांधीजींच्या हत्येला तेव्हा महिनाही लोटला नव्हता. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ स्थापावा असा मसुदा लिहिला होता. तो मागे पडला आणि हे कलम पुढे आले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. काँग्रेसने जो युक्तिवाद केला तो समाजवाद्यांना अपरिचित नव्हता. १९३६ पासून त्यांनी कम्युनिस्टांना आपल्या पक्षात प्रवेश दिला होता, आणि १९४० मध्ये नेमक्या याच कारणाने बाहेर काढले होते: एका संघटनेत दुसरी संघटना चालवता येत नाही. केरळात तर जवळजवळ सारी शाखाच त्यांच्याबरोबर गेली. पुढे १९७९ मध्ये जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न समाजवाद्यांनीच लावून धरला. तेव्हा १९४८ चे कलम हे केवळ दुष्टाव्याने घातले गेले, असे म्हणता येणार नाही. घरमालकाला घराचे नियम करण्याचा अधिकार असतोच. ते नियम पाळून आपले काम आपल्याला करता येईल की नाही, हे मात्र राहणाऱ्याने ठरवायचे असते. नाशिकला समाजवाद्यांनी ठरवले की ते येणार नाही.

निर्णयाहूनही अधिक मोलाचे आहे ते बाहेर पडण्याची रीत. संयुक्त प्रांताच्या विधानसभेत आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. उठून विरोधी बाकांवर बसले असते तर त्यांना अडवणारा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. पक्षांतरबंदीची घटनादुरुस्ती १९८५ ची. तरीही आचार्यांनी आणि सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. मते ज्या नावावर मिळाली ते नाव सोडले, तर जागाही सोडली पाहिजे, इतका तो साधा हिशेब होता. पोटनिवडणुका झाल्या. प्रौढ मताधिकार अजून यायचा होता, मतदारयादी मर्यादित होती. फैजाबादेत आचार्यांच्या विरुद्ध काँग्रेसने बाबा राघवदासांना उभे केले. आचार्य देवधर्म मानत नाहीत, असा प्रचार अयोध्येच्या परिसरात करण्यात आला. बौद्ध दर्शनाचा हा प्रकांड पंडित पराभूत झाला. त्याचे सहकारीही पडले. सुमारे दीड वर्षाने, डिसेंबर १९४९ मध्ये, त्याच अयोध्येत बाबरी मशिदीत रात्रीतून मूर्ती ठेवल्या गेल्या. त्या पोटनिवडणुकीत केवळ एक जागा गेली नव्हती, हे तेव्हा फार थोड्यांना कळले असेल.

महाराष्ट्राने २०२२ व २०२३ मध्ये पक्ष सोडण्याची जी तऱ्हा पाहिली, तिच्याशी हे ताडून पाहावे. आता कोणी घर सोडत नाही. घरावरची पाटी काढून बरोबर नेतो. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने अनुक्रमे दोन पक्षांची नावे व चिन्हे वेगळ्या झालेल्या गटांच्या हाती दिली. राजीनामा देऊन मतदारापुढे पुन्हा उभे राहावे, हा विचारही आज बावळटपणाचा वाटतो.

बाहेर पडल्याचे फळ काय मिळाले? १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते पडली आणि लोकसभेच्या जागा मिळाल्या १२. कम्युनिस्टांना याच्या एकतृतीयांशाहूनही कमी मते आणि जागा १६. आघात जबर होता. त्यातून एक वाईट खोड जडली. एकदा घर सोडता आले की पुन्हा सोडणे सोपे होते. १९५५ मध्ये लोहिया प्रजासमाजवादी पक्षातून वेगळे झाले. जोडणे आणि मोडणे पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. काँग्रेसमध्ये त्रिपुरीचा अपमान गिळून राहणारी माणसे आपल्याच साथींबरोबर एका ठरावावरून राहू शकत नव्हती. परक्या घरात दाखवलेला संयम स्वतःच्या घरात का संपला, याचे उत्तर चळवळीने अजून नीट दिलेले नाही. उलट दिशेचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे: शेतकरी कामगार पक्ष उभारून काँग्रेसबाहेर पडलेले केशवराव जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. त्यांना हसणे सोपे आहे. पण बाहेर राहून काम होत नाही असे ज्याला मनापासून वाटते, त्याने नुसत्या लाजेखातर बाहेर राहणे हेही शहाणपणाचे नव्हे.

आणि अच्युतराव पटवर्धन. बेचाळीसमध्ये वर्षानुवर्षे पोलिसांच्या हाती न लागलेला हा माणूस १९५० मध्ये राजकारणातूनच निवृत्त झाला. दुसरा पक्ष काढला नाही. ज्यांना सोडले त्यांच्यावर तोंडसुख घेत फिरला नाही. काशीला जाऊन त्यांनी अध्यापन पत्करले आणि १९९२ पर्यंतचे दीर्घ आयुष्य सत्तेच्या राजकारणाबाहेर काढले. सहकारी हळहळले, काही रागावलेही. समाजवादी पक्षाला त्या वेळी त्यांची गरज होती, यात शंका नाही. पण त्या पक्षाची त्यांना गरज उरली नव्हती, आणि ती असल्याचे सोंग त्यांनी आणले नाही.