दिव्यांग मुले आणि खेळाची ओढ
(चाकूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषणाचा मजकूर)



खेळाच्या तासाची घंटा झाली की शाळेचे अंगण मुलांनी भरून जाते. कोणी लगोरी रचतो, कोणी खो-खोच्या पाट्या आखतो. अशा वेळी लिंबाच्या झाडाखाली एखादे मूल सर्वांच्या चपला सांभाळीत बसलेले दिसते. त्याच्या पायात बळ नसते किंवा हात आखडलेला असतो. त्याला कोणी टाकून बोललेले नसते. उलट गुरुजींनीच दयाबुद्धीने त्याला सावलीत बसविलेले असते. घरच्यांनीही सांगून ठेवलेले असते, “गुरुजी, पोराला पळवू नका, पडेल.” सर्वांचा हेतू चांगला असतो. परंतु त्या चाळीस मिनिटांत ते मूल जो धडा शिकते, तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. खेळ ही इतरांची वस्तू असून आपल्या वाट्याला केवळ पाहणे आले आहे, हाच तो धडा होय. तो रोज गिरविला गेला की पुढे मुलाला खेळायला बोलाविले तरी ते उठत नाही. मग आपण म्हणतो, याला खेळाची आवडच नाही!

आवड ही केवळ उपजत वस्तू नव्हे. मानवी प्रेरणेचा दीर्घकाळ अभ्यास करणारे डेसी आणि रायन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सांगतात की, मनुष्य एखाद्या कामात स्वतःहून रमावा यासाठी मनाच्या तीन गरजा भागाव्या लागतात. पहिली, हे मी माझ्या मर्जीने करीत आहे अशी भावना. दुसरी, हे मला जमत चालले आहे अशी जाणीव. तिसरी, या मंडळींत मी आपलाच आहे असा विश्वास. बक्षीस, शाबासकी आणि टाळ्या या बाहेरून येतात व टाळ्या थांबताच त्यांचा जोर ओसरतो. दयेपोटी वाजविलेल्या टाळ्या तर मुलाला ताबडतोब ओळखू येतात. या तीन गरजा सर्व मुलांच्या ठायी सारख्याच असतात. दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र त्या भागविण्याच्या वाटा आपण नकळत बंद करतो.

“जमत चालले आहे” ही जाणीव कशी येते, याचे उदाहरण शेजारच्याच नांदेड जिल्ह्यात आहे. मुखेड तालुक्यातील होनवडज गावच्या श्रीमती भाग्यश्री जाधव या गोळाफेक करतात. त्यांच्या एफ-३४ या गटातील खेळाडू बसून गोळा फेकतात. आसन जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असते आणि त्याची उंची ७५ सेंटिमीटरांहून अधिक चालत नाही. टोकियो येथील पॅरालिंपिक स्पर्धेत, २०२१ साली, त्यांनी ७.०० मीटर फेक करून सातवा क्रमांक मिळविला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर फेकून त्यांनी रौप्यपदक पटकाविले. २०२४ साली पॅरिस येथे ७.२८ मीटर फेक होऊन त्या पाचव्या आल्या. त्याच स्पर्धेच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासमवेत भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता. या दोन पॅरालिंपिक स्पर्धांत त्यांना पदक नाही, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. टोकियो व पॅरिस यांच्या दरम्यान २८ सेंटिमीटरांची वाढ झाली, हे मोजपट्टी सांगते. पदक दुसऱ्यांच्या कामगिरीवरही अवलंबून असते. परंतु आपल्या कालच्या खुणेपुढे आज खूण करणे खेळाडूच्या स्वतःच्या हाती असते. शाळेला आवश्यक ती मोजपट्टी हीच होय.

हा विचार जगात रुजला तो रुग्णालयातून. डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडला आश्रयास आलेले ज्यू वैद्य. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. अशा रुग्णांनी खाटेवर पडून राहावयाचे, अशीच तेव्हाची समजूत होती. गुटमन यांनी त्यांच्या हाती धनुष्य व चेंडू दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीतील सोळा जणांची तिरंदाजी तेथे झाली. त्यातूनच १९६० साली रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली.

आपल्या महाराष्ट्राने या इतिहासात मोलाची भर घातली आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले, परंतु उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहणे हाच त्यांचा खेळ झाला. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, पायांचे काम बाहूंना घेता येते. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. शासनाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली.

त्याच जिल्ह्यातील करगणीचे श्री. सचिन खिलारी यांच्या डाव्या हाताला शाळकरी वयात अपघाताने अपंगत्व आले. प्रथम ते भालाफेक करीत; पुढे खांदा दुखावल्यावर गोळाफेकीकडे वळले आणि २०२४ साली पॅरिस येथे १६.३२ मीटर फेकून रौप्यपदकाचे मानकरी ठरले. या दोघांचीही पहिली वाट बंद झाली होती. दुसरी मोकळी होती म्हणून प्रेरणा टिकली. मुलापुढेही एकच खेळ ठेवून “हा तुला जमणार नाही” असे म्हणण्यापेक्षा चार खेळ ठेवावेत आणि निवड त्याच्यावर सोपवावी.

हे चार खेळ कोणते? त्यासाठी मोठा खर्च नको. वाळू भरलेल्या कापडी पिशव्या बाकावर बसून फेकता येतात. बोशिया या खेळात पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू न्यावयाचा असतो. जुन्या कापडाचे चेंडू शिवून तो वर्गाच्या फरशीवरही होतो. बैठ्या व्हॉलीबॉलचे मैदान १० मीटर लांब व ६ मीटर रुंद. त्यात सर्वच मुले जमिनीवर बसून खेळतात, त्यामुळे उभे राहता येणारे व न येणारे हा भेद तेथे उरतच नाही. तिसरी गरज, आपलेपणाची, ती येथे आपोआप भागते. लगोरीत नेम धरणारा एक व धावणारा दुसरा, अशी जोडी मुले स्वतःच लावतात. गुरुजींनी केवळ वाट मोकळी करून द्यावी.

काही दक्षता मात्र अवश्य घ्यावी. मुलाला झटके येत असल्यास किंवा हृदयाचा विकार असल्यास वैद्यांचा सल्ला घेतल्याखेरीज व्यायाम देऊ नये. कण्याच्या इजेमुळे ज्या अंगाला संवेदना नाही, तेथे तापलेल्या फरशीचा चटका लागला तरी मुलाला कळत नाही व एकाच जागी बसून जखमा होतात. म्हणून खाली जाड बैठक असावी आणि बसण्याची स्थिती वारंवार बदलावी. अशा अंगाला घामही नीट येत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांचा सराव सकाळीच उरकावा व पाणी जवळ ठेवावे. पालकांची भीतीही हसण्यावारी नेऊ नये. त्यांना एकदा शाळेत बोलावून मुलाचा खेळ दाखवावा. दहा वेळा समजावण्याहून ते अधिक परिणामकारक ठरते.

ही केवळ उपकाराची बाब नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मान्यताप्राप्त शाळांवर असे बंधन घालतो की, दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षणाची, तसेच खेळ व करमणुकीची संधी मिळावी. गणिताच्या तासाला मुलास वर्गाबाहेर बसविणारा शिक्षक सापडणार नाही. खेळाच्या तासालाही तोच न्याय हवा.

तेव्हा बंधु-भगिनींनो, प्रत्येक शाळेने एक साधी वही घालावी. तीत प्रत्येक मुलाची फेक किंवा वेळ आठवड्यातून एकदा लिहावी. दिव्यांग मुलाची वेगळी वही नको, त्याच वहीत त्याचेही पान असावे. त्याची तुलना त्याच्याच मागील आकड्याशी करावी. आकडा घटला तरी तो प्रामाणिकपणे लिहावा; खोटी वाढ दाखविणे हीदेखील दयाच होय. आणि उद्या खेळाच्या तासाची घंटा होईल तेव्हा लिंबाखालच्या मुलाला एवढेच विचारावे, “तू आज काय खेळणार?” उत्तर ताबडतोब येणार नाही, कारण हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलेलाच नसेल. थोडे थांबावे. चपला भिंतीजवळ ओळीने ठेवाव्यात. त्यांना राखणदार लागत नाही.