अठराव्या वर्षी सेंटरचा खेळ सुधारतो का? दिंडोरीहून आलेली एक व्हॉइस नोट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोलताना जसा बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'अं... अं...' तेवढे काढलेत.

दीड महिन्यापूर्वी मला एक व्हॉइस नोट आली. मुलगा दिंडोरीचा, वय १८, उंची सहा फूट पाच इंच. नाव सांगत नाही, त्यानंच नको म्हटलंय. तर तो म्हणाला, "दादा, मी सेंटर खेळतो. अकरावीत सुरू केलं. निवड चाचणीत मला दहा मिनिटांत बाहेर बसवलं. म्हणाले, उंची आहे पण बाकी काही नाही, आणि आता वय पण गेलं. आमच्याकडे बाग आहे, पप्पा म्हणतात एक काहीतरी ठरव. माझा खेळ अजून सुधारू शकतो का? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण १७ व्या वर्षी मलाही एकानं सांगितलं होतं, "तू फक्त रिंगखाली उभा राहा, हात वर ठेव. बाकी पोरं बघतील." मी सहा वर्षं इमानदारीत उभा राहिलो. ड्रिबल नाही, पास नाही, डावा हात तर फक्त डबा धरायला. मग टीममध्ये माझ्यापेक्षा दोन इंच उंच पोरगा आला आणि उभं राहायचं काम त्याला मिळालं. संपला विषय. म्हणून ह्या पोराला फोनवर उत्तर न देता म्हटलं, रविवारी येतो.

नाशिकहून दिंडोरी पंचवीस-एक किलोमीटर. ढकांब्याचा टोल नाका सोडला की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. सकाळी सातला पोचलो तर हा फवारणी आटपून आलेला, हाताला औषधाचा वास. शाळेमागचं ग्राऊंड, सिमेंटचा कोबा, दोन रिंग, जाळी एकीलाही नाही.

मी म्हटलं, आधी वीस फ्री थ्रो मार. तेरा आत! सहा-पाचच्या सेंटरसाठी हे फारच छान आहे हो. मी विचारलं, मग चाचणीत किती गेले? म्हणाला, "सहापैकी एक. सगळे पुढच्या कडेला लागत होते." सगळे आखूड, हं. इकडेतिकडे नाही, सगळे आखूडच. मला शंका आली. गाडीत टेप होती. मोजलं तर रिंग नऊ फूट आठ इंचांवर! असायला पाहिजे दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर. काही वर्षांपूर्वी मातीवर कोबा टाकला, जमीन वर आली, खांब तिथेच राहिला. पोरगं दोन वर्षं चार इंच खाली असलेल्या रिंगवर हात बसवत होतं. ऐकणाऱ्यांपैकी जे खेळतात त्यांना सांगतो, आज जाऊन आपली रिंग मोजा. फ्री थ्रोची रेषा पण मोजा, ती बोर्डापासून ४.६ मीटरवर हवी.

अर्थात चाचणीत बाहेर बसण्याचं ते एकच कारण नव्हतं. पुढे मी त्याला पोस्टमध्ये बॉल दिला, पाठीला पाठ लावून मी मागे उभा. तो प्रत्येक वेळी उजवीकडेच वळला. दहापैकी दहा वेळा. माझ्यासारख्या ३१ वर्षांच्या, पोट सुटलेल्या माणसानं चौथ्या वेळेपासून नुसतं तिथे जाऊन उभं राहायचं ठरवलं आणि पाच वेळा त्याला अडवलं. बॉल आला की तो आधी खाली आणायचा, कमरेपर्यंत. म्हणजे सहा-पाचचा माणूस बॉल पाच-सहाच्या गार्डच्या हातात नेऊन देतो. आणि डिफेन्सला पाय एकमेकांत अडकतात. त्याचं त्यालाच माहीत होतं, म्हणाला, "पाय ऐकत नाहीत."

आता मुद्द्यावर येतो. १८ व्या वर्षी काय वाढतं आणि काय नाही? उंची बहुतेकांची तिथेच थांबते, एखादा इंच मिळाला तर देवाची कृपा. उडी थोडीफार वाढते. ताकद मात्र पंचविशीपर्यंत आणि पुढेही वाढत राहते, फक्त जेवण आणि वजनं उचलायची शिस्त हवी. पण पाय कुठे ठेवायचा, बॉल कुठे धरायचा, समोरचा कुठल्या खांद्यावर वजन टाकतोय हे ओळखणं, ह्याला वयाचं बंधन जवळजवळ नाहीच. आणि सेंटरचा खेळ अर्ध्याहून जास्त ह्यावरच चालतो. गार्डला लहानपणापासून बॉल हातात असावा लागतो. सेंटर बऱ्याचदा उशिराच सुरू करतो, कारण तो उंच झालाय हेच उशिरा कळतं!

जॉर्ज मायकन नावाचा माणूस ऐकलाय? १९४२ मध्ये तो १८ वर्षांचा होता, सहा फूट दहा इंच, जाड भिंगाचा चष्मा, चालताना धडपडणारा. एका कॉलेजनं बघून परत पाठवलं. शिकागोच्या डीपॉल कॉलेजात रे मायर नवीन कोच झाला होता. त्यानं ह्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, चक्क नाच शिकायला लावला, आणि रिंगखाली उभं करून एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या हातानं, बॉल खाली पडू न देता टाकत राहायला सांगितलं. ह्या सरावाला आजही मायकन ड्रिल म्हणतात. पुढे तो इतका भारी झाला की खेळाचे नियम बदलावे लागले. रिंगकडे खाली येणारा बॉल अडवायला बंदी आली त्यात त्याच्यासारख्यांचा मोठा हात होता, आणि १९५१ मध्ये रिंगखालचा रंगवलेला पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला तो बराचसा त्याच्यामुळेच. लेकर्सना त्यानं पाच विजेतेपदं मिळवून दिली. अठराव्या वर्षी पाय न ऐकणारा पोरगा, बरं का.

हकीम ओलाजुवान नायजेरियातल्या लागोसचा. पंधराच्या आसपास पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतला. त्याआधी फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉल. पोस्टमध्ये तो जी हुलकावणी द्यायचा, खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे, ती त्याच गोलकीपरच्या पायांतून आली असं तो स्वतः सांगतो. १९९४ आणि १९९५, लागोपाठ दोन विजेतेपदं. हे ऐकून आमचा पोरगा म्हणाला, "दादा, मी सातवी ते नववी खो-खो खेळलोय." अरे मग सांग की आधी! खो-खोत पळती करणारा काय करतो? खांबाजवळ एका खांद्यानं हुल देतो आणि दुसरीकडून निसटतो. तेच. एकेरी साखळी करताना जे पाय पडतात ते पोस्टमध्ये बंद का पडतात? कारण कुणी सांगितलंय, तू सेंटर आहेस, उभा राहा.

आणखी एक उदाहरण, कारण हे आकडे मला फार आवडतात. ब्रूक लोपेझ, सात फुटी सेंटर. एनबीएच्या पहिल्या आठ मोसमांत त्यानं थ्री पॉइंटर मारले एकूण ३१, आत गेले ३. मग २०१६-१७ च्या मोसमात, वय २८, ठरवलं की लांबून मारायचं. त्या एका मोसमात १३४ आत! २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर तो विजेता झाला. आणि निकोला योकिच तर तुम्हाला माहीतच आहे, २०१४ ला ४१ व्या क्रमांकावर निवडला गेलेला, उडी बेतास बात, पण नजर आणि पास असे की तीनदा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. सुधारायला जागा असते ह्याचा ह्यापेक्षा काय पुरावा द्यायचा.

पण थांबा. त्या पोरानं खरं सांगा म्हटलं होतं, तर दुसरी बाजूही सांगतो. सतनाम सिंग. पंजाबमधल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकॅडमीत शिकला, १४ व्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि जून २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मून वाढलेला एनबीए ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, वय १९! पण एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याला मिळाला नाही. डॅलसच्या खालच्या लीगमधल्या टीमकडून खेळला, तिथेही मिनिटं थोडी. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्यानं मेहनत केली नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. पण बघा, त्याच महिन्यात गोल्डन स्टेटनं फायनलमध्ये आपला सेंटर बाहेर बसवून बुटक्या, चपळ पाच जणांना खेळवून कप जिंकला होता. उंच माणसानं नुसतं आत उभं राहण्याचे दिवस नेमके तेव्हाच संपत होते. सतनामइतकी उंची, इतकी मदत असून जे अवघड गेलं, ते दिंडोरीच्या सहा-पाचला मिळेल असं मी सांगितलं तर मी खोटारडा. एनबीएत सहा-पाच म्हणजे गार्ड!

हे सगळं मी त्याच्या वडिलांसमोर बोललो. कारण दुपारी ते घरी घेऊन गेले, भाकरी आणि शेवेची भाजी, आणि जेवताना एकच विचारलं. "सर, खेळू दे की थांबवू? ऑक्टोबरच्या छाटणीला मला माणूस लागतो. मजूर मिळत नाही." रागात नाही विचारलं. हिशोब म्हणून विचारलं, आणि तो हिशोब बरोबरच आहे.

मी त्यांना सांगितलं ते असं. पैसे मिळतील असं धरून चालू नका. भारतात बास्केटबॉलवर घर चालवणारे फार थोडे आणि तेही बहुतेक रेल्वे, सैन्यदल वगैरेंच्या नोकरीमुळे. खेळाडूंसाठी राज्य सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरलेल्या पातळीवरची कामगिरी लागते, नुसतं खेळलो म्हणून नाही. शालेय स्पर्धांचं वय १९ ला संपतं हे खरं, म्हणून तो 'वय गेलं' म्हणणारा माणूस पूर्ण चुकीचा नव्हता. पण विद्यापीठाच्या स्पर्धा पंचविशीपर्यंत खेळता येतात. कॉलेजला नाव असेल तर हातात सहा-सात वर्षं आहेत. शिवाय थ्री बाय थ्री आहे, एकच रिंग, अर्धं कोर्ट, टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये गेलाय. त्यात बारा सेकंदांत शॉट मारावा लागतो, त्यामुळे सेंटरला ड्रिबल, पास, बाहेरून शॉट, सगळंच करावं लागतं. दिंडोरीत पूर्ण कोर्टावर दहा पोरं जमत नाहीत, सहा जमतात.

वडील म्हणाले, "आपल्या चांदवडचा तो होडीवाला?" दत्तू भोकनळ! तळेगाव रोहीचा. विहिरी खोदणाऱ्या घरातला, २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे विशीनंतर पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. चार वर्षांत रिओ ऑलिम्पिक, तिथे तेरावा. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये चौघांच्या नावेत सुवर्ण. मी म्हटलं, हो काका, पण एक फरक आहे. दत्तूला सैन्यात रोज सराव, जेवण, कोच आणि पगार मिळत होता. तुमच्या पोराला सकाळी पाचला फवारणी आहे. दोघांना एका मापानं मोजू नका. वडील काही बोलले नाहीत. पोराकडे बघून म्हणाले, "संध्याकाळी पाचनंतर तू मोकळा. छाटणीचे पंधरा दिवस सोडून." घरात ठरलं ते एवढंच.

मग मी त्याला सहा आठवड्यांचं काम दिलं. मायकन ड्रिल रोज, एक मिनिट, तीनदा, मोजून लिहायचं. बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. पोस्टमध्ये पहिली हालचाल डावीकडेच, बॉल गेला तरी चालेल. आठवड्यातून दोनदा दोरीवरच्या उड्या, पण सिमेंटवर नाही, मातीवर, कारण त्याला वाटीच्या खाली गुडघा दुखतो. उंच पोरांना सिमेंटवर उड्या मारून हे दुखणं लागतं, आणि दुखत असताना रेटलं तर वर्ष जातं. दुखणं राहिलं तर डॉक्टरकडे जा, बाम चोळत बसू नकोस, हेही सांगितलं. आणि रिंगचं म्हणाल तर शाळेच्या सरांना भेटून खांबाला जोड द्यायचं ठरलं. वेल्डर गावातलाच आहे.

पहिल्या दिवशी मिनिटाला ११ बसत होते, डाव्या हातानं त्यातले ३. मध्ये एक आठवडा काहीच आलं नाही, मला वाटलं सोडलं ह्यानं. मग कळलं पाऊस होता, कोब्यावर शेवाळ, घसरून पडला होता. परवा वही पाठवली. मिनिटाला २३, डाव्या हातानं १०. फ्री थ्रो आता दहा फुटांवर वीसपैकी ९. तेरावरून नऊ झाले म्हणून तो नाराज आहे. मी म्हटलं, अरे, हे नऊ खरे आहेत.

पुढच्या रविवारी नाशिकमध्ये एक थ्री बाय थ्री आहे. हा, त्याचा चुलतभाऊ आणि वणीचा एक पोरगा असे तिघं उतरतायत, चौथा बदली खेळाडू अजून मिळालेला नाही. दिंडोरी, वणी, मोहाडी, लखमापूरकडे कुणी खेळत असाल तर मला मेसेज टाका, उंचीची अट नाही. तिथे काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. हरले तरी सांगतो.