ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीची गोडी
(ज्युबिलीनिमित्त उदगीर येथे केलेले भाषण)



आजचा दिवस उपकारस्मरणाचा आहे. अशा मंगल प्रसंगी आम्ही कादंबरीसारखा विषय का घ्यावा, असा प्रश्न कित्येक वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर आम्हांस स्पष्ट दिसत आहे. शुभवर्तमान हाती असता, संतांची चरित्रे उपलब्ध असता, कल्पित कथांच्या नादी तरुणांनी का लागावे? खोट्या गोष्टीने खरी श्रद्धा कशी वाढावी? हा आक्षेप क्षुल्लक नाही. म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देणे प्राप्त आहे.

प्रभू येशू लोकांस शिकवी तेव्हा तो पुष्कळदा गोष्टच सांगे. उधळ्या पुत्राचे गाव कोणते होते, दयाळू शमरोनी मनुष्याच्या बापाचे नाव काय, हे कोणी विचारत नाही. आणि तरीही त्या गोष्टी ऐकून एकोणीसशेहून अधिक वर्षे माणसे रडली व सुधारली आहेत. तेव्हा कल्पित कथा ही सत्याची वैरीणच असते असे नव्हे. ती सत्याची दासीही होऊ शकते. मात्र आपण दासी आहोत, धनीण नव्हे, हे तिने विसरता कामा नये.

आता या जातीच्या तीन प्रसिद्ध ग्रंथांकडे पाहू. कार्डिनल वाइझमन यांची 'फॅबिओला' ही कादंबरी सन १८५४ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडात कॅथलिक धर्मप्रांतांची रचना पुन्हा सुरू होऊन तेव्हा अवघी चार वर्षे लोटली होती. वाइझमन हे वेस्टमिन्स्टरचे पहिले आर्चबिशप. आपल्याच देशात परके म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या लहानशा समाजास त्यांनी रोमच्या भूमिगत दफनगृहांतील पूर्वजांची ओळख करून दिली. त्याच सुमारास दे रॉस्सी नावाचे पंडित त्या भुयारांचा शोध करीत होते, आणि प्राचीन परमगुरूंची समाधिस्थाने त्याच १८५४ साली उजेडात आली. कादंबरी आणि कुदळ यांनी जणू हातात हात घालून काम केले.

परंतु वाचकाच्या मनात घर करते ते भुयार नव्हे. ती सायरा नावाची गुलाम मुलगी होय. तिची श्रीमंत धनीण फॅबिओला एकदा रागाच्या भरात हातातील शस्त्र तिच्या दंडात खुपसते. मुलगी उलट शब्द बोलत नाही. पुढे तीच मुलगी धनिणीवर आलेला घाव स्वतःच्या अंगावर घेते. बंधुभगिनींनो, लंडनच्या दिवाणखान्यात हा प्रसंग वाचणे वेगळे आणि उदगीरच्या परिसरात वाचणे वेगळे. ज्यांच्या आज्यांनी पराव्या वाड्यांत शेणगोठा केला, ज्यांना उंबऱ्याबाहेरूनच भाकरी मिळाली, त्यांस त्या दंडावरील जखमेचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसरा ग्रंथ 'बेन-हर', सन १८८० चा. त्याचा कर्ता लू वॉलेस हा अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेला सेनानी. सन १८७६ मध्ये आगगाडीच्या प्रवासात इंगरसोल नामक प्रसिद्ध नास्तिक वक्त्याशी त्याचा संवाद झाला; आणि आपणांस स्वतःच्या धर्माविषयी किती थोडे ठाऊक आहे, याची त्यास लाज वाटली. त्या लाजेतून अभ्यास झाला आणि अभ्यासातून ग्रंथ पुरा झाला. पवित्र भूमी त्याने तोवर डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. रथांच्या शर्यतीसाठी हे पुस्तक सर्वत्र गाजले, आणि १९५९ च्या चित्रपटाने ती शर्यत घरोघर पोहोचली. पण आम्हांस विचाराल तर त्या ग्रंथाचा प्राण एका घोटभर पाण्यात आहे. बेड्या घातलेला तरुण यहुदा नासरेथच्या विहिरीपाशी तहानेने कोसळतो. एक अनोळखी मुलगा पुढे होतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो व काही न बोलता त्यास पाणी पाजतो. तो मुलगा कोण, हे वाचक ओळखतो. मराठवाड्यात विहिरीवरून माणसास हाकलल्याच्या आठवणी अजून जुन्या झालेल्या नाहीत. येथे, न विचारता खांद्यावर ठेवलेला तो हात म्हणजे अर्धे शुभवर्तमानच होय.

तिसरा ग्रंथ 'क्वो वादिस', म्हणजे 'कोठे चाललास?'. पोलिश लेखक हेन्रिक शेंकेविच यांनी तो १८९५-९६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध केला. १९०५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. नीरोचा काळ, रोमची आग, रिंगणात सोडलेली श्वापदे हे सर्व त्यात आहेच. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्रंथ लिहिला तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता. सन १७९५ पासून तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. आणि कथेची नायिका कोण? लिगी जमातीची राजकन्या, रोममध्ये ओलीस ठेवलेली. रिंगणात तिला रानबैलाच्या शिंगांना बांधतात, आणि तिचा सेवक उर्सुस नुसत्या हातांनी त्या बैलाची मान मोडतो. हे दोघेही पुढे ज्या भूमीस पोलंड म्हणू लागले तिकडचेच. आपल्या पराभूत वाचकांस लेखक जणू सांगत होता की पहिल्या ख्रिस्ती पिढीत आपलेही कोणी उभे होते.

आमच्या मते या ग्रंथांच्या गोडीचे खरे कारण हेच होय. वाचकास कथेत आपला मनुष्य सापडतो.

मग आपला मनुष्य कोठे आहे? मराठी कादंबरीच्या उगमापाशी एक ख्रिस्ती लेखक उभा आहे. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' सन १८५७ चे. ते विधवांच्या दुःखाचे चित्र. ऐतिहासिक अद्भुतकथा नव्हे. ऐतिहासिक कादंबरीचा ओघ गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून, म्हणजे १८७१ पासून, हरिभाऊ आपट्यांच्या लेखणीने वाढत गेला. गड, घोडे व तलवारी यांनी आपण सर्वांनी बालपण रंगविले. आपल्या या गावचा किल्ला तर स्वतःच एक प्रकरण आहे. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी येथेच निजामाच्या सैन्यास नमविले. परंतु या ओघात ख्रिस्ती मराठी माणूस क्वचितच दिसतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानात गेले, तेथील भाषा शिकले, फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावले. १८६२ साली ते संतपदास पोहोचले. समुद्र, व्यापार, परदेश व हौतात्म्य! कादंबरीस याहून अधिक काय हवे?

आणि दूरच्या वसईस तरी का जावे? आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पूर्वजांची नावे आहेत, तारखा आहेत, धर्मपित्यांची नावे आहेत. पण स्नानसंस्काराच्या आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले, भाऊबंदांनी काय बजावले, दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर शेजारीण बोलली की तोंड फिरवून गेली, हे त्या वहीत नाही. ते केवळ आपल्या वृद्धांच्या स्मरणात आहे. आणि प्रत्येक अंत्ययात्रेबरोबर एकेक पान कबरीत जात आहे.

येथे सावधगिरीचे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. 'क्वो वादिस' मधील पेत्राला वाटेत प्रभू भेटल्याचा प्रसंग जुन्या आख्यायिकेतील आहे, पवित्र शास्त्रातील नव्हे. वाचताना हा भेद ध्यानी असावा. दुसरे असे की, अशा कथांत आपले सारे देवदूत व परके सारे राक्षस करण्याचा मोह असतो. आपले शेजारी आपल्या सुखदुःखाचे वाटेकरी आहेत. त्यांस काळे रंगवून आपले पूर्वज उजळ होत नाहीत. खऱ्या श्रद्धेस अशा उसन्या काळोखाची गरज नाही.

मराठवाड्याची भूमी अशा लेखणीस परकी नाही. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथील मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते. आणि एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे संमेलन याच उदगिरात भरले. साहित्याचा मांडव आपल्या दारी येऊन गेला. आता लिहिणारा हात आपल्या घरातून निघाला पाहिजे.

म्हणून तरुणांनो, हे ग्रंथ अवश्य वाचा. परंतु वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि आजीपाशी जाऊन बसा. तिला रोमविषयी काही विचारू नका. तिच्या सासूने पहिल्यांदा क्रुसाची खूण केली तेव्हा घरातले कोण हसले आणि कोण रडले, एवढेच विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या ज्युबिलीस येथे उभा राहणारा वक्ता त्या वह्यांतून बोलेल, तर आजच्या आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.