परत आलेल्या मुलीला आधी जेवायला वाढा

त्र्यंबकहून आम्ही बोलतोय. आजचा विषय घरात कुणी मोठ्यानं काढत नाही. तरी रेडिओ बंद करू नका, मोठ्या मुलींनाही ऐकू द्या.

२०२७ मध्ये इथं सिंहस्थ आहे. लॉज, खानावळी, साफसफाई अशी कामं निघतील आणि पाड्यांवरच्या मुली कामाला जातील. एखादी उशिरा परतली, हातात नवा मोबाईल दिसला, की पाणी भरताना कुजबुज सुरू होते, "ती धंद्याला लागली." खरं असो की खोटं, तेवढ्यानं जमलेलं लग्न मोडतं, भाऊ हात उचलतो, घरचे दार लावून घेतात. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं. "आता गावात तुला कोण घेणार?" एवढंच तो म्हणतो. कुलूप लावायची गरजच पडत नाही त्याला.

याबाबतचा कायदा १९५६ चा आहे. कुंटणखाना चालवणं, बायांना या धंद्यात आणणं, त्यांच्या कमाईवर जगणं हे गुन्हे आहेत. गिऱ्हाईक नाही, बाईच तेवढी बदनाम, हा न्याय मात्र गावाचा.

मुंबईत पोलिसांच्या कारवाईत सापडलेल्या २०, २२ आणि २३ वर्षांच्या तिघींना वर्षभर संस्थेत ठेवायचा हुकूम खालच्या कोर्टानं दिला होता. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. देहविक्री हा त्या कायद्यात मुळात गुन्हा नाही, त्या सज्ञान आहेत आणि मर्जीविरुद्ध त्यांना डांबून ठेवता येणार नाही, असं सांगितलं. आपल्याकडे "तिच्या भल्यासाठी" म्हणून पोरीला खोलीत कोंडतात ना, त्यांनी हे ऐकावं.

१८ च्या आतली मुलगी असेल तर गोष्ट वेगळी. तिथं राजीखुशीचा प्रश्नच नाही. थेट १०९८ लावा किंवा पोलिसांत जा.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, या बायांना सन्मानानं वागवा, छाप्यात सापडलेल्यांची नावं, फोटो देऊ नका, आई हा धंदा करते एवढ्यावरून तिचं लेकरू तोडू नका. सांगलीकडे तर अशा बायांनी स्वतःचीच संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आपल्या हक्कासाठी त्या स्वतः बोलतात.

आता आपल्या गटाचं. शहरातून मुलगी परत आली तर "कुठं होतीस, काय करत होतीस" हे पहिल्याच दिवशी नको. आधी जेवायला वाढा. रेशनकार्डावरचं तिचं नाव कुणी कमी केलंय का बघा, केलं असेल तर सोबत तहसीलला चला. तिला गटात यायचं असेल तर नाव घ्या, हप्ता पुढच्या महिन्यापासून चालेल. तिनं काही सांगितलंच, तर ते बैठकीच्या वहीत लिहायचं नाही.

कुणी धमकावत असेल, बळजबरीनं परत नेऊ बघत असेल, तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि जिवाला धोका असेल तर ११२. सज्ञान मुलगी समोर असेल तर फोन लावण्याआधी तिला विचारा.