शोभेच्या वनस्पतींची निवड आणि तिची सामाजिक किंमत



अंगणात कोणते फूलझाड लावावे, हा वरकरणी घरगुती प्रश्न आहे. रोपवाटिकेत ग्राहक रंग, बहर आणि दर पाहतो. परंतु काही वनस्पतींच्या बाबतीत हा दर म्हणजे संपूर्ण किंमत नसते. उर्वरित भार इतरांवर, तोही अनेक वर्षांनंतर पडतो. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्यता म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी कारखान्याच्या धुराचे उदाहरण असते; घाणेरी हे त्याहून बोलके उदाहरण ठरावे.

उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. पक्षी तिची फळे खातात आणि बिया दूरवर नेतात. आज हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत तिच्या दाट जाळ्या आढळतात. त्यांखाली गवत वाढत नाही आणि तिचा पाला गुरांना विषारी असतो. ज्यांनी ती हौसेने लावली, त्यांचे फारसे काही बिघडले नाही. चराई गमावली ती पशुपालकांनी, आणि वनोपजावर जगणाऱ्या आदिवासींच्या वाटाही अडल्या. कर्नाटकातील सोलिगा कारागीर घाणेरीच्या काड्यांपासून फर्निचर बनवतात. हा उपक्रम स्तुत्य असला तरी तेवढ्याने तिच्या प्रसारास आळा बसणे शक्य नाही.

जलपर्णीची कथा अशीच आहे. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या फिकट जांभळ्या फुलांमुळे उद्यानांत आली आणि बंगालच्या जलमार्गांत, भातशेतीत पसरली. अखेर १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. ते काम आजही अनेक तलावांवर सार्वजनिक खर्चाने चालूच आहे.

तथापि, परदेशी म्हणजे घातक असे समीकरण मांडणे चुकीचे होईल. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, गुलमोहर मादागास्करचा. झेंडूवर तर असंख्य शेतकऱ्यांचा दसरा-दिवाळीचा हंगाम अवलंबून असतो. कसोटी मूळ देशाची नसून माणसाच्या मदतीवाचून वनस्पती किती वेगाने पसरते, याची आहे. परीक्षार्थींनी ‘परकीय’ आणि ‘आक्रमक परकीय’ या संज्ञांतील हा भेद ध्यानात ठेवावा.

२०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात आक्रमक परकीय प्रजातींचा शिरकाव व स्थिरावणे यांचे प्रमाण २०३० पर्यंत किमान ५० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य आहे. गुजरातने २०२३ मध्ये सुशोभीकरणासाठी लोकप्रिय झालेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. बंदी आवश्यक असली तरी ती सहसा उशिरा येते, कारण एकदा फैलावलेली वनस्पती उपटण्याचा खर्च तिला वेळीच रोखण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणूनच रोपवाटिकेतील प्रत्येक रोपावर त्याचे मूळ स्थान आणि प्रसाराचा धोका नोंदवणे हा तुलनेने स्वस्त उपाय ठरेल. ग्राहकापुढे पर्यायांचीही वाण नाही: कुंपणाला कोरांटी, दारी पारिजातक, मोठ्या अंगणात बहावा किंवा ताम्हण, आणि सावलीच्या कोपऱ्यात अबोली.