पायातली गाठ : चोळू नका, दाखवा



आज आपण पायातल्या एका गाठीविषयी बोलू. मांडीत, गुडघ्यामागे किंवा पोटरीत कधी कधी अशी गाठ येते. ती हळूहळू, वर्षानुवर्षे वाढते. तिला धक्का लागला, की पार पावलापर्यंत झिणझिण्या जातात. मग कोणी म्हणतो, "शीर चढली, चोळून घे." कोणी म्हणतो, "डाग दे." कोणी म्हणतो, "कापून टाक." यातले काहीच करू नका, असे आम्ही सांगतो. का, ते ऐका.

आपल्या अंगात मज्जातंतू असतात. रक्ताची शीर वेगळी, मज्जातंतू वेगळा. मेंदूचा हुकूम तो पायाला पोचवतो. पायाला काटा बोचला, तर मेंदूला कळवतो. विजेच्या तारेवर वेष्टण असते ना? तसे तंतूवरही असते. त्या वेष्टणातून ही गाठ उगवते. डॉक्टर तिला 'श्वानोमा' म्हणतात. श्वान म्हणजे इथे कुत्रा नव्हे, बरं का! थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ साली या वेष्टणाच्या पेशींचे वर्णन केले. त्याचे नाव गाठीला मिळाले. ही गाठ कर्करोगाची नव्हे.

ती ओळखतात कशी? डॉक्टर गाठ हलवून पाहतात. ती आडवी हलते, पण तंतूच्या लांबीत वर-खाली सहसा हलत नाही. तिच्यावर बोटाने हलके ठोकले, की झिणझिण्या येतात. मग सोनोग्राफी व एम.आर.आय. करतात. अंगावर सुन्न चट्टा असेल, तर तेही सांगा. कुष्ठरोगातही मज्जातंतू सुजतात. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

गाठ लहान असेल, त्रास नसेल, तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. त्रास असेल, तर शस्त्रक्रिया करतात. शेंग उभी उकलून दाणा काढावा, तशी गाठ अलगद काढतात. तंतू बहुधा शाबूत राहतो. काही दिवस थोडा बधिरपणा राहू शकतो. पण अडाण्याने सुरी चालवली, तर तंतूच तुटतो. मग पाऊल लुळे पडते. कष्टकरी माणसाचा पाय गेला, की घर बसते.

गाठ भराभर वाढली, रात्री ठणकू लागली, किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर एक दिवसही थांबू नका. मोठ्या दवाखान्यात जा. काढलेली गाठ तपासायला पाठवली का, हेही डॉक्टरांना विचारा. विचारण्यात लाज कसली? पाय आपला आहे.