भांडी घासणारा सांता
(घरखेप कामगार स्त्रियांच्या मेळाव्यातलं भाषण)



मी वसईची. नाताळच्या झाडावर टांगायच्या छोट्या मूर्ती घरीच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात करते. माझा सांताक्लॉज भांडी घासतो. योसेफ बाळाला थोपटतो आणि मरिया गाढ झोपलेली. लोक हसतात. बायका जरा जास्तच हसतात.

याला माती म्हणतात, पण ते असतं प्लास्टिक. ११० अंशांवर अर्धा तास भाजलं की घट्ट होतं. त्यासाठी एक वेगळा छोटा ओव्हन ठेवलाय. अशा मातीतली 'फिमो' ही जर्मनीतल्या फिफी रेबिंडर-क्रूझ या बाईच्या खटपटीतून आली. तिची आई केटे क्रूझ बाहुल्या करणारी. पुढे १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीने ती घेतली. नावात फिफीचं एक अक्षर तेवढं राहिलं.

माझ्या मूर्तीत माझं तेवढंही नव्हतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "छंदच ना तुमचा? मग एवढी किंमत?" त्या रात्री हिशेब मांडला. मळणं, घडवणं, भाजणं धरून एका सांताला दोन तास. मी मातीचे आणि विजेचे पैसे लावत होते. माझे तास फुकट, स्वयंपाकासारखेच!

यंदा प्रत्येक मूर्तीला चिठ्ठी बांधली : 'घडवायला दोन तास.' काही गिऱ्हाईकं गेली. राहिली त्यांनी घासाघीस केली नाही.

तुमच्यात कुणी पापड लाटतं, कुणी फॉल-पिको करतं. आज घरी गेल्यावर एक वही काढा. आधी आपले तास आपण मोजूया.